खाणावळीच्या अंगणातली वीज

प्रवाशाची आणि त्याच्या वाहनाची भूक एकाच ठिकाणी भागावी, ही कल्पना नवी नाही. घोड्यांच्या आणि बैलगाड्यांच्या काळात सराई किंवा धर्मशाळा हे असेच ठिकाण होते. माणसाला तेथे भाकरी मिळे आणि जनावराला चंदी-वैरण. वसईच्या खाडीपलीकडील घोडबंदर या गावाचे नाव घोड्यांच्या व्यापारावरून पडले असे सांगतात. पेट्रोलवर चालणारी मोटार आली आणि ही जुनी सोयरीक तुटली. सुरुवातीला मोटारीला स्वतःचे असे ठिकाणच नव्हते. १८८८ साली जर्मनीत बेर्था बेंझ यांनी मोटारीचा पहिला लांबचा प्रवास केला, तेव्हा वाटेत त्यांना इंधन घ्यावे लागले ते एका औषधाच्या दुकानातून. पुढे पेट्रोलपंप आले. इंधन ज्वालाग्राही, ते भरावयास लागणारा वेळ पाच मिनिटांचा. तेव्हा पंप एकीकडे आणि खाणावळ दुसरीकडे, अशी विभागणी झाली व ती शंभर वर्षे टिकली.

विजेवर चालणाऱ्या वाहनांनी ही विभागणी आता मोडावयास घेतली आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील हॉटेलांच्या आवारात मोटारी चार्ज करणारी यंत्रे उभी राहू लागली आहेत. वसई-विरारसारख्या शहरात, जेथे महामार्गावरील ढाबे, स्टेशनाजवळची उडुपी हॉटेले, औद्योगिक वसाहतींतील खाणावळी आणि अर्नाळा-कळंबच्या किनाऱ्यावरील रिसॉर्ट ही सर्व एकाच महापालिकेच्या परिसरात नांदतात, तेथे हा बदल बारकाईने पाहण्याजोगा आहे. उपाहारगृहांत वीज मिळावी की नाही, हा आता वादाचा विषय राहिलेला नाही. ती कोणाला मिळणार आणि त्यासाठी लागणारा सार्वजनिक पैसा कोणाच्या पदरात पडणार, हा खरा प्रश्न आहे.

थांबण्याची किंमत

या व्यवहाराचे मूळ वेळेत आहे. पेट्रोल भरणाऱ्याला पंपावर एक मिनिटही जास्त थांबावयाचे नसते. त्याच्या दृष्टीने तेथील प्रत्येक मिनिट हा निव्वळ तोटा असतो. उपाहारगृहाची गोष्ट उलट आहे. तेथे माणूस थांबण्यासाठीच जातो, आणि त्याच्या थांबण्यावरच मालकाचा धंदा चालतो. विजेवरील मोटारीच्या विजेरीत साधारणतः पंचवीस ते पंचेचाळीस युनिट वीज मावते. साठ किलोवॉटचे शीघ्र यंत्र अर्ध्या-पाऊण तासात वीस-पंचवीस युनिट भरते, म्हणजे पुढच्या सव्वाशे-दीडशे किलोमीटरांची सोय होते. सात किलोवॉटचे साधे यंत्र तेवढ्याच कामाला तीन तास घेते. महामार्गावरच्या जेवणाला पहिले यंत्र शोभते. किनाऱ्यावरील रिसॉर्टमध्ये दिवसभर राहणाऱ्यांना दुसरे पुरते.

हे इतके उघड असूनही आपल्याकडे सरकारी पैशाचा ओघ वेगळ्याच दिशेने गेला. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तीन कंपन्यांना पेट्रोलपंपांवर ७,४३२ शीघ्र चार्जिंग केंद्रे उभारण्यासाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. पंपांकडे जागा आहे, रस्त्याला लागून प्रवेश आहे, हे त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. परंतु पंपावर अर्धा तास माणसाने करावयाचे काय, याचे उत्तर त्या योजनेत नव्हते. ग्राहकाचा वेळ हाही एक खर्चच आहे. तो हिशेबाच्या वहीत दिसत नाही, म्हणून नाहीसा होत नाही.

उपाहारगृहांचा मार्ग कायद्याने मोकळा केलेला आहे, हे येथे नमूद करावयास हवे. वाहन चार्ज करून देणे ही विजेची विक्री नसून एक सेवा आहे आणि तिला वीज कायद्याखाली परवान्याची गरज नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले. शहरात तीन किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनात किमान एक केंद्र, आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर पंचवीस किलोमीटरला एक, असे प्रमाणही त्याच वर्षी सांगण्यात आले. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणानेही महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे योजिले आहे. वसई तालुक्यातून जाणारा महामार्ग या हिशेबाने एका-दोन केंद्रांतच उरकतो. प्रमाण पुरे झाले म्हणजे गरज भागली, असे मात्र नाही.

पाच मोटारी आणि पाच स्कूटर

हॉटेलमालकाच्या गल्ल्यापाशी बसून पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. केवळ उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. समजा, एका मालकाने शीघ्र यंत्र, स्वतंत्र वीजजोडणी, केबल आणि बांधकाम मिळून बारा लाख रुपये गुंतविले आणि ते आठ वर्षांत वसूल करावयाचे ठरविले. व्याज बाजूला ठेवले तरी वर्षाला दीड लाख रुपये सुटावयास हवेत. एका युनिटमागे चार रुपये मिळतात असे धरले, तर वर्षाला साडेसदतीस हजार युनिट, म्हणजे रोज सुमारे शंभर युनिट वीज विकली गेली पाहिजे. प्रत्येक मोटारीने बावीस युनिट घेतली, तर रोज पाच मोटारी झाल्या.

आता दुसरा मालक पाहू. त्याने आपल्या अंगणाच्या भिंतीलगत दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठी सहा साधे चार्जिंग पॉइंट बसविले. पंधरा अँपियरच्या प्लगइतक्याच शक्तीचा, सव्वातीन किलोवॉटच्या आसपासचा, असा स्वस्त पॉइंट भारतीय मानक संस्थेने २०२१ मध्ये प्रमाणित केला आणि त्याची किंमत साडेतीन हजार रुपयांच्या घरात असावी, असे उद्दिष्ट त्या वेळी ठेवण्यात आले होते. वायरिंग, मीटर, छप्पर धरून समजा साठ हजार रुपये लागले व ते पाच वर्षांत वसूल करावयाचे आहेत. युनिटमागे तीनच रुपये सुटतात असे धरले, तरी रोज अकरा युनिट विकली की काम झाले. स्कूटर एका वेळी दोन-अडीच युनिट घेते. म्हणजे रोज पाच स्कूटर पुरे.

एकाला पाच मोटारी हव्यात, दुसऱ्याला पाच स्कूटर. गुंतवणुकीतला फरक मात्र वीस पटींचा आहे. धोका कोठे अधिक आहे, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. शिवाय साठ किलोवॉटचे एक यंत्र म्हणजे कित्येक मध्यम हॉटेलांच्या भट्ट्या, शीतकपाटे आणि पंखे यांच्या एकत्रित भारापेक्षाही मोठा भार. त्यासाठी मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, कधी महावितरणचे रोहित्रच बदलावे लागते. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याची खात्री नसलेल्या वसईत हा खर्च डोळे मिटून करण्यासारखा नाही.

असे असूनही चर्चा होते ती शीघ्र यंत्रांची. ती दिसावयास भव्य असतात, त्यांच्या उद्घाटनाला फीत कापता येते. भिंतीवरच्या प्लगचे उद्घाटन कोण करणार?

ज्यांना अंगण नाही त्यांचे काय?

या साध्या प्लगचे महत्त्व वसई-विरारला इतर शहरांपेक्षा अधिक आहे. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात होती. त्यानंतर नालासोपारा आणि विरारच्या पूर्वेला ती किती फुगली आहे, ते लोकलच्या दारात उभे राहणाऱ्यास विचारावे. चाळींत आणि दाटीवाटीच्या इमारतींत राहणाऱ्या या कुटुंबांना वाहनतळ ही चीज ठाऊक नाही. स्कूटर रस्त्यावर उभी राहते आणि तिची विजेरी काढून तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर घरात न्यावी लागते. तेथे ती रात्रभर चार्जिंगला लावली जाते. ज्या खोलीत माणसे झोपतात त्याच खोलीत.

याचा परिणाम काय होऊ शकतो, हे वसईने पाहिले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई पूर्वेत एका घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या विजेरीचा स्फोट झाला आणि तेथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजून काही दिवसांनी मरण पावला. त्या वर्षी देशात अशा आगीच्या अनेक घटना घडल्या. केंद्र सरकारने विजेऱ्यांच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले व ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत अमलात आणले. नियमांनी विजेरी सुधारेल. पण ती झोपण्याच्या खोलीत का न्यावी लागते, या प्रश्नाला नियम हात घालीत नाहीत. त्याचे उत्तर जागेत आहे.

आणि ही वाहने वापरणारी माणसे कोण? घरोघर जेवण व सामान पोहोचविणारी मुले, रिक्षाचालक, वालीव-गोखिवरे-सातिवलीच्या कारखान्यांतले कामगार. राज्य सरकारने २०२५ मध्ये एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत दुचाकी टॅक्सीला वाट करून दिली, तीही केवळ विजेवर चालणाऱ्या दुचाकीला. म्हणजे ज्याचे पोट वाहनावर चालते, त्याला विजेकडे वळा असे शासनच सांगत आहे. त्याने वीज भरावयाची कोठे, हे मात्र त्याचे त्याने पाहावयाचे. मोटारमालकास निदान सोसायटीत जागा असते. येथे चार्जिंगची निकड अधिक आणि जागा शून्य, अशी स्थिती आहे.

या वर्गाची आठवण शासनाला कागदावर नव्हती असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात शीघ्र केंद्रास पाच लाख रुपयांपर्यंत आणि संथ यंत्रास दहा हजार रुपयांपर्यंत साहाय्य होते. पहिली पाचशे, दुसरी पंधरा हजार. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंग केंद्रांसाठी दोन हजार कोटी रुपये आहेत आणि तिच्या उद्दिष्टांत मोटारींसाठी २२,१००, बसगाड्यांसाठी १,८००, तर दुचाकी-तीनचाकींसाठी ४८,४०० यंत्रे धरली आहेत. पैसा आहे, आकडेही आहेत. अडते ते जागेपाशी. नगरपालिकेचे वाहनतळ अपुरे, स्टेशनाबाहेर पाय ठेवावयास जागा नाही. अशा शहरात रस्त्याला लागून असलेले, रात्री उशिरापर्यंत उघडे राहणारे, दिवे, पाणी, स्वच्छतागृह आणि माणसांची नजर असलेले अंगण जर कोणाकडे असेल, तर ते उपाहारगृहांकडेच आहे. म्हणूनच खाणावळीच्या अंगणातली वीज ही केवळ श्रीमंत प्रवाशाची चैन समजून सोडून देता येत नाही.

दुपारच्या जेवणाचे गणित

उपाहारगृहांच्या बाजूने आणखी एक कारण आहे. वीज केव्हा वापरली जाते, यावर तिचा समाजाला पडणारा खरा खर्च अवलंबून असतो. भर दुपारी सौरऊर्जा मुबलक असते. संध्याकाळी सूर्य मावळतो आणि त्याच वेळी घरोघरचे दिवे व पंखे सुरू होतात. म्हणूनच केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत असे सुचविले आहे की, सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत चार्जिंग केंद्रांना पुरविलेल्या विजेचा दर सरासरी खर्चाच्या ०.७ पट असावा आणि इतर वेळी १.३ पट. दोन दरांत जवळजवळ दुपटीचा फरक झाला.

घरी वाहन चार्ज होते ते रात्री. पण खाणावळीची वर्दळ दुपारी बारा ते तीन या वेळेत असते, म्हणजे नेमकी स्वस्त विजेच्या वेळेत. जेवण पोहोचविणारा मुलगा दुपारची गर्दी ओसरल्यावर तासभर रिकामा असतो. रिक्षाचालक दुपारीच जेवतो. त्या तासात त्याची स्कूटर वा रिक्षा जर त्याच दारात चार्ज झाली, तर त्याला वीज स्वस्त मिळेल, महावितरणचा संध्याकाळचा ताण वाढणार नाही, आणि घरातली खोली विजेरीपासून मोकळी होईल. तिघांचाही लाभ ज्यात आहे अशा योजना अर्थव्यवहारात वारंवार हाती लागत नाहीत.

आक्षेप आणि अटी

हॉटेलमालकांचे आक्षेप मात्र उडवून लावण्यासारखे नाहीत. दहा-पंधरा रुपयांचा चहा घेणारा रिक्षाचालक दोन तास जागा अडवून बसला तर धंदा कसा चालावा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर प्रवेशबंदीत नाही, दरांत आहे. चार्जिंग संपल्यावर वाहन उभे राहिले तर वेळेनुसार आकार लावावा. गर्दीच्या वेळी मर्यादा असावी. गिऱ्हाइकाच्या खिशाकडे पाहून प्लग द्यावयाचा की नाही हे मालकाने ठरविणे, ही गोष्ट निराळी. स्वतःच्या पैशाने बसविलेल्या यंत्राबाबत त्याला तो अधिकार असेल; अनुदानाने वा करसवलतीने बसविलेल्या यंत्राबाबत तो असता कामा नये.

परदेशात, विशेषतः ब्रिटनमध्ये, गावोगावच्या पबांनी आपल्या वाहनतळांवर अशी यंत्रे बसविली आहेत आणि ओसरत्या धंद्याला त्यांचा थोडाबहुत आधार मिळतो. तेथील अनुभवातून एक गोष्ट शिकावी, एक टाळावी. शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे तेथील २०२३ चा कायदा. शीघ्र यंत्रांचे प्रत्येक जाळे वर्षभरात सरासरी ९९ टक्के वेळ चालू असले पाहिजे, आणि नव्या यंत्रांवर विशिष्ट कंपनीचे सभासदत्व न घेता पैसे भरता आले पाहिजेत, असे तो सांगतो. आपल्याकडे प्रत्येक कंपनीचे ॲप निराळे, आणि बंद यंत्रावर ‘लवकरच सुरू होईल’ अशी पाटी, हा अनुभव महामार्गावरच्या प्रवाशाला नवा नाही. चहाच्या टपरीवर मोबाइलने पैसे देणाऱ्या देशात हे का व्हावे? टाळण्याची गोष्ट म्हणजे मद्य आणि वाहन यांची जोड. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गालगतची दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला आणि जुलै २०१७ मध्ये नगरपालिकांच्या हद्दींना त्यातून वगळले. वसई-विरारच्या हद्दीत परमिट रूम आहेत. तेव्हा तासभर थांबावयास लावणारे यंत्र परमिट रूमच्या दारात बसवून त्याला सरकारी साहाय्य देणे, हे शासनाने स्वतःच्याच धोरणावर पाणी ओतण्यासारखे होईल. साहाय्य जावे ते खाणावळींना.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. उपाहारगृहाच्या मागच्या बाजूला गॅसचे सिलिंडर असतात. चार्जिंगची जागा त्यांच्यापासून दूर असावी आणि अग्निशमन विभागाने ती पाहिल्याशिवाय वीजजोडणी देऊ नये. पाण्याचाही विचार हवा. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरारच्या अनेक वस्त्या पाण्यात होत्या आणि वीज बंद ठेवावी लागली होती. महामार्गावर ससूनवघर, मालजीपाडा येथे पावसाळ्यात पाणी साचते. यंत्राचा चौथरा किती उंच असावा, हे दिल्लीच्या परिपत्रकावरून ठरवून चालणार नाही. ते गेल्या काही वर्षांतल्या पाण्याच्या खुणा पाहूनच ठरवावे लागेल.

महापालिकेने काय करावे?

वसई-विरार महापालिका २००९ मध्ये चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून झाली. तिच्या हाती वीज नाही, वाहनकर नाही. पण मालमत्ता कर आहे, बांधकाम परवानगी आहे, अग्निशमन आहे. एवढ्या साधनांवर बरेच करता येण्यासारखे आहे. ज्या उपाहारगृहाने आपल्या जागेत चार्जिंगची सोय केली, त्याला त्या जागेपुरती मालमत्ता करात सवलत द्यावी; परंतु अटी स्पष्ट असाव्यात. सोय सर्वांना खुली असावी, केवळ जेवणाऱ्यांना नव्हे. दर पाटीवर मराठीत लिहिलेला असावा. एका शीघ्र यंत्राबरोबर दुचाकी-तीनचाकींसाठी किमान चार साधे पॉइंट असावेत. आणि सवलत यंत्र बसविल्याबद्दल न देता, ते चालविल्याबद्दल द्यावी. वर्षाअखेरीस मीटरवर जितकी युनिट दिसतील त्या प्रमाणात. उद्घाटनानंतर गंजत पडणाऱ्या यंत्रांना पैसा मिळणे त्यामुळे आपोआप थांबेल.

या योजनेची सुरुवात महामार्गापासून न करता स्टेशनाजवळील आणि औद्योगिक वसाहतींतील खाणावळींपासून करावी. महामार्गाची काळजी बाजार घेईल. तेथे मोटारवाला पैसे देऊ शकतो आणि मोठ्या कंपन्या त्याच्यासाठी रांगेत उभ्या आहेत. नालासोपाऱ्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबासाठी कोणी रांगेत उभे नाही. बाजार जेथे स्वतः पोहोचतो तेथे सरकारने पैसा ओतू नये आणि जेथे तो पोहोचत नाही तेथे हात आखडू नये, हा सार्वजनिक अर्थकारणाचा जुना नियम आहे. विजेवरील वाहनांच्या बाबतीत तो पाळला जातो की नाही, याची परीक्षा शीघ्र यंत्रांची संख्या मोजून होणार नाही. वसईतल्या किती घरांत रात्री विजेरी आत न्यावी लागत नाही, यावरूनच ती होईल.